थ्रिलरचं विश्लेषण करताना आधी बघा, कुणाला काय माहितीये

प्रश्न थोडक्यात असा होता की सस्पेन्स थ्रिलरमधली तंत्रं आणि जॉनरचे (म्हणजे सिनेमाच्या प्रकाराचे) संकेत यावर लिहायचंय, एक सीन घेऊन त्यातले लो अँगल (कॅमेरा खालून वर बघतो ते), सावल्या, फास्ट कटिंग, म्युझिक असं सगळं शॉटवार उतरवून काढलं, तरी ‘हे वर्णन आहे, विश्लेषण नाही’ असा शेरा मारून वही परत आली, तर आता वेगळं काय लिहायचं.

मी एडिटिंग करतो, बरीच वर्षं करतोय, त्यातही क्राइम आणि थ्रिलरचं काम जास्त, आणि मधूनमधून शिकवायलाही जातो त्यामुळे असल्या वह्या माझ्याकडेही येतात. शेरा बरोबर आहे. फक्त शेरा मारणाऱ्याने पुढचं सांगायला हवं होतं, ते मी सांगतो, जरा लांबेल. आणि खाली बऱ्याच सिनेमांचे शेवट फोडलेत, ज्यांना बघायचेत त्यांनी आधी बघून या.

एडिट टेबलवर थ्रिलरचा सीन लागत असताना डायरेक्टरची आणि आमची जी भांडणं होतात ती अँगलवरून फार कमी होतात. खरं भांडण होतं ते ‘हे प्रेक्षकाला आत्ता कळू द्यायचं का नंतर’ यावरून. समजा दारामागे एक माणूस लपलाय. तो शॉट नायिका खोलीत शिरायच्या आधी लावला तर एक सीन तयार होतो, ती आत आल्यावर लावला तर दुसराच होतो, आणि लावलाच नाही, नुसता दार बंद झाल्याचा आवाज ठेवला तर तिसरा. शॉट तोच, लाइटिंग तेच, नटनट्या त्याच. म्हणून थ्रिलरच्या विश्लेषणाचा पहिला प्रश्न ‘कॅमेरा कुठे आहे’ हा नसतो, ‘या क्षणी कुणाला काय माहितीये’ हा असतो. प्रेक्षकाला किती माहितीये, नायकाला किती, समोरच्याला किती. कॅमेरा, लाइट, कट, साउंड ही सगळी ती माहिती द्यायची, दाबायची किंवा उशिरा द्यायची हत्यारं आहेत. हे डोक्यात ठेवून लिहिलं की वर्णनाचं विश्लेषण बऱ्यापैकी आपोआप व्हायला लागतं.

हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असणारच, १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने त्याची जी लांबलचक मुलाखत घेतली त्यात ते आहे. टेबलाभोवती माणसं गप्पा मारतायत, अचानक स्फोट होतो, प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलाय हे त्याला आधीच दाखवलं तर त्याच फालतू गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. हे सगळे लिहितात. न लिहिलं जाणारं पुढचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९३६ च्या ‘सॅबोटाज’मध्ये त्याने एका लहान मुलाच्या हातात नकळत बॉम्ब दिला, मुलाला माहीत नाही, आपल्याला माहितीये, रस्त्यात उशीर होत जातो, आणि शेवटी बॉम्ब खरंच फुटतो. हे करायला नको होतं असं तो नंतर स्वतःच म्हणायचा. कारण इतका वेळ ताणून धरलेल्या प्रेक्षकाला सुटका हवी असते, ती दिली नाही तर तो सिनेमावरच चिडतो. म्हणजे माहिती आधी दिली की तुम्ही प्रेक्षकाकडून काहीतरी उसनं घेतलेलं असतं आणि ते फेडावं लागतं. जॉनरचे संकेत म्हणतात ते हेच असतात, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आता सीन कसा उलगडायचा ते एका सीनवरच बघू. श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’, २०१८ चा. आंधळा असल्याचं नाटक करणारा पियानोवादक एका फ्लॅटमध्ये वाजवायला जातो आणि तिथे घरमालकाचं प्रेत पडलेलं असतं, बायको घरात आहे आणि तिचा मित्र बाथरूममध्ये लपलाय. हा वाजवत राहतो आणि ते दोघं त्याच्यासमोर एक शब्द न बोलता प्रेत हलवतात, पुसापुशी करतात.

कागदावर तीन रकाने काढा. पहिल्यात मारेकरी: त्यांना वाटतं हा आंधळा आहे. दुसऱ्यात पियानोवाला: त्याला सगळं दिसतंय, आणि आपल्याला दिसतंय हे त्यांना कळलं तर आपण गेलो हेही माहितीये. तिसऱ्यात आपण: आपल्याला या दोघांचंही माहितीये, कारण हा खरा आंधळा नाही हे सिनेमाने आधीच सांगून टाकलंय. ते जर सांगितलं नसतं तर? तर हाच सीन नुसता विचित्र विनोदी झाला असता, नंतर कधीतरी ‘अरे, म्हणजे त्याला दिसत होतं’ असा धक्का बसला असता, पण ही काही मिनिटं वाया गेली असती. राघवनने एका धक्क्याचा बळी देऊन अख्खा सीन कमावला. हे वाक्य वहीत आलं की ते विश्लेषण झालं, कारण यात काय केलं एवढंच नाही, काय करता आलं असतं आणि ते का केलं नाही हेही आलं.

मग तंत्राकडे या. एरवी सस्पेन्समध्ये सगळ्यात हुकमी पत्ता म्हणजे रिअॅक्शन शॉट, माणूस काहीतरी बघतो, मग ते काय ते दिसतं, मग पुन्हा त्याचा चेहरा. बघणं, दिसलेलं, परिणाम. इथे कथेनेच तो तिसरा शॉट काढून घेतलाय, चेहऱ्यावर काही उमटलं तर तो मेला, शिवाय डोळ्यावर काळा चष्मा. मग परिणाम जाणार कुठे? तो जातो वाजवण्यात. बोटं थांबली तर संशय येईल म्हणून संगीत चालू ठेवावंच लागतं, त्यामुळे जे संगीत एरवी सीनच्या बाहेरून आपल्याला ‘आता घाबरा’ म्हणून सांगतं तेच इथे सीनच्या आतली वस्तू आहे, पात्राला जिवंत ठेवणारी. वर परत मूकपटासारखं सगळं चाललंय, मारेकऱ्यांना बोलता येत नाही कारण आंधळा ऐकतो, आणि आंधळ्याला बघता येत नाही कारण मारेकरी बघतायत. हसूही येतं आणि भीतीही वाटते. यातला लेन्सचा नंबर किंवा कॅमेरा डावीकडून उजवीकडे गेला का नाही यातलं एकही न लिहिता तुम्ही दीड पान लिहू शकता, आणि मग लिहिलंत तरी चालेल, कारण आता त्याला टांगायला खुंटी आहे.

अँगलचा विषय निघालाच आहे तर एक खोड मोडायची आहे. ‘हाय अँगलने पात्र दुबळं वाटतं, लो अँगलने ताकदवान वाटतं.’ दर दुसऱ्या वहीत हे वाक्य असतं. ‘सायको’मध्ये (१९६०) डिटेक्टिव्ह जिना चढून वर जातो आणि कॅमेरा एकदम छताला जाऊन चिकटतो, सरळ वरून खाली बघायला लागतो, दार उघडतं, म्हातारी बाहेर येते आणि वार करते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहिणारा म्हणेल की डिटेक्टिव्ह असहाय दाखवलाय. हिचकॉकने स्वतः दिलेलं कारण भलतंच आहे आणि फार व्यवहारी आहे. म्हातारीचा चेहरा दाखवायचा नव्हता, सगळं रहस्य त्यातच आहे. पण नुसतं पाठमोरं दाखवलं असतं तर प्रेक्षकाला लगेच कळलं असतं की चेहरा मुद्दाम लपवतायत. इतक्या वरून घेतलं की चेहरा दिसत नाही आणि लपवल्यासारखंही वाटत नाही. दुसरं कारण, या लांबच्या शॉटवरून एकदम डिटेक्टिव्हच्या मोठ्या क्लोजअपवर कट मारला की आकारातला फरकच अंगावर येतो. म्हणजे हा अँगल माहिती दाबायला आलाय आणि दाबतोय हे कळू नये म्हणून आलाय. अँगलला स्वतःचा कायमचा अर्थ नसतो. त्या जागी तो काय दाखवतो आणि काय झाकतो, तेवढाच त्याचा अर्थ.

त्याच सिनेमातला शॉवरचा सीन मात्र कृपा करून घेऊ नका. म्हणजे तो ग्रेट आहेच, साधारण पाऊण मिनिटाचा सीन, त्यासाठी सत्तरच्या वर कॅमेऱ्याच्या जागा, सात दिवस शूटिंग, हिचकॉकला आधी त्यावर म्युझिकच नको होतं पण बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर जे करून आणलं ते ऐकून त्याने मत बदललं, हे सगळं खरं आहे. पण एक तर त्यावर इतकं लिहून झालंय की तुमचं स्वतःचं काही उरणार नाही, आणि दुसरं म्हणजे तो सस्पेन्सचा सीन आहे असं मला वाटतच नाही. तो धक्का आहे. पडद्यामागे सावली दिसते तो थोडा वेळ सोडला तर आपल्याला आधी काहीच माहीत नसतं. सिनेमाची हिरोइन अर्ध्याच्याही आत मरते हे तेव्हाच्या प्रेक्षकाच्या कल्पनेतच नव्हतं, धक्क्याचा जोर तिथून येतो.

सस्पेन्स बघायचा तर त्यानंतरचा भाग बघा. मोटेलचा मालक नॉर्मन बाथरूम पुसतो, बारकाईने, सावकाश, मग प्रेत डिकीत घालून गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते, निम्म्यावर जाते आणि थांबते. नॉर्मनचा चेहरा. गाडी. परत चेहरा. आणि थिएटरमधला प्रत्येक माणूस मनात म्हणतो, बुड की बाई एकदाची. आता विचार करा, थोड्याच वेळापूर्वी ज्या बाईसाठी आपण हळहळत होतो तिचंच प्रेत पुरावा म्हणून नष्ट व्हावं अशी आपली इच्छा आहे. सिनेमाने आपली बाजू बदलून टाकली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. कशी बदलली? पुसापुशीला दिलेल्या वेळाने. एखाद्याला चिकाटीने काम करताना पुरेसा वेळ बघितलं की आपण आपोआप ते काम तडीला जावं अशी इच्छा धरतो, काम काय आहे ते मग गौण होतं. एडिटर म्हणून सांगतो, घाईचा एडिटर असता तर तो साफसफाईचा भाग निम्मा कापला असता, ‘लांबतंय’ म्हणून, आणि मग दलदलीत गाडी थांबल्यावर कुणाचा श्वास अडकला नसता.

इथूनच कटिंगच्या वेगाबद्दल. ‘फास्ट कटिंगमुळे ताण वाढतो’ हे निम्मं चुकीचं आहे. ताण वाट बघण्यात असतो, आणि वाट बघायला शॉट लांब लागतो. फास्ट कटिंग बहुतेक वेळा साठलेला ताण मोकळा करतं. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात काढून बघा, कुणीतरी गाडीच्या डिकीत टायमरवाला बॉम्ब ठेवतो आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही, गाडी गर्दीतून जाते, थांबते, शेजारून हिरो-हिरोइन चालत जातात, गाडी फ्रेमच्या बाहेर जाते, परत येते. कट नसल्याने वेळेतून सुटका नाही, टायमर जितका चालतो तितकाच वेळ आपणही चालतो. पहिला कट येतो तो स्फोटाला. म्हणून शॉटची यादी करताना प्रत्येक शॉटपुढे सेकंद लिहा, आणि वेग कुठे बदलला तिथे खूण करा. सगळा सीन फास्ट किंवा सगळा स्लो असेल तर त्यात लिहिण्यासारखं कमी असतं, वळण जिथे आहे तिथे लेखकाचा किंवा एडिटरचा हेतू असतो. अजून एक बघा, कट कारणाच्या आधी आहे का नंतर. पात्राने दचकून वर बघितलं आणि मग दोन सेकंद आपल्याला ते काय बघतंय ते दाखवलंच नाही, तर ती दोन सेकंदं आपण त्या पात्राच्या मागे आहोत. तेच आधी दार हळूच उघडताना दाखवलं आणि पात्र पुस्तक वाचत बसलंय, तर आपण त्याच्या पुढे आहोत. मागे असलो की कुतूहल, पुढे असलो की काळजी. थ्रिलर या दोन्हीत सतत ये-जा करतो, आणि ही ये-जा कुठे होते ते पकडलं की सीनचा सांगाडा मिळाला.

साउंडवर वहीत एक ओळ असते, ‘भयाण पार्श्वसंगीताने वातावरण निर्माण होते.’ माझ्या मते थ्रिलर निम्मा कानाने चालतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने १९३१ मध्ये ‘एम’ केला, तो त्याचा पहिला बोलपट, आणि त्यात त्याने खुन्याला एक शीळ दिली. खुनी दिसायच्या आधी शीळ ऐकू येते, म्हणून मग नुसती शीळ ऐकू आली की खुनी फ्रेममध्ये नसला तरी आहे. आणि शेवटी त्याला ओळखतो कोण, तर एक आंधळा फुगेवाला, शिळेवरून. म्हणजे प्रेक्षकाला भीती घालायला वापरलेला आवाज कथेच्या आत पुरावा झाला. बोलपट नुकता आलेला असताना हे सुचणं म्हणजे कमाल आहे.

‘जॉज’मध्ये (१९७५) जॉन विल्यम्सचे ते दोन सूर, ते सगळ्यांना माहितीयेत. शार्कचं यंत्र समुद्राच्या पाण्यात सारखं बिघडायचं, त्यामुळे शार्क फार दाखवता यायचा नाही, त्याची जागा त्या सुरांनी आणि पाण्याच्या पातळीवरच्या कॅमेऱ्याने घेतली. पण लिहिण्यासारखी गोष्ट पुढे आहे. सिनेमा आपल्याला नियम शिकवतो, सूर वाजले म्हणजे शार्क आला. मग मधे दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात तेव्हा किनाऱ्यावर सगळे पळतात पण सूर वाजत नाहीत. नियम पाळला गेला, सिनेमा आपल्याशी प्रामाणिक राहिला. आणि नंतर बोटीवरून पोलीस चीफ पाण्यात मासळीचे तुकडे फेकत असतो तेव्हा शार्क अचानक तोंड वर काढतो, त्याच्या आधी सूर नसतात. इतका वेळ शिकवलेला नियम नेमक्या जागी मोडला, म्हणून तो धक्का एवढा बसतो. तुमच्या सीनमध्ये म्युझिक कधी सुरू होतं यापेक्षा कधी थांबतं ते बघा, आणि कुठे असायला हवं होतं पण नाही तेही बघा. फ्रेमच्या बाहेरून येणारे आवाज वेगळे लिहून काढा, पावलं, लिफ्ट, फोनची रिंग, कारण जे दिसत नाही पण ऐकू येतं ते प्रेक्षक स्वतः मनात रंगवतो आणि तो रंगवतो ते आपल्या बजेटपेक्षा नेहमीच भारी असतं.

लाइट आणि रंगावर मी फार बोलत नाही, त्यावर पुस्तकांत हवं तेवढं आहे. जर्मन सिनेमातल्या त्या तिरक्या सावल्या तिथून बाहेर पडलेल्या लोकांबरोबर हॉलिवूडच्या नुआर सिनेमात, म्हणजे तिथल्या काळोख्या गुन्हेपटांत, गेल्या आणि तिथून जगभरच्या थ्रिलरमध्ये आल्या, एवढं एका वाक्यात लिहा. अंधार दिसला की ‘गूढता’ लिहू नका, अंधारात नेमकं काय दिसत नाहीये ते लिहा. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’च्या (१९९१) शेवटी तळघर पूर्ण काळोखात आहे, पण आपण ते खुन्याच्या नाइट व्हिजन चष्म्यातून बघतो, आपल्याला त्याच्या मागावर आलेली एफबीआयची शिकाऊ क्लॅरिस चाचपडताना स्वच्छ दिसते आणि तिला काहीच दिसत नाही. तिथे अंधार तिच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाहीच, आणि आपण नको त्या माणसाच्या डोळ्यांनी बघतोय याचीच शिसारी येते.

आता जॉनर. इथे वह्यांमध्ये यादी असते: निर्दोष माणूस अडकतो, घड्याळ टिकटिकतं, संशयाची दिशाभूल, बंद जागा, शेवटी ट्विस्ट. यादी चूक नाही, पण संकेत म्हणजे प्रेक्षक तिकीट काढून आत येताना जी अपेक्षा घेऊन येतो ती. त्यामुळे प्रत्येक संकेतापुढे तीनच गोष्टी लिहायच्या, अपेक्षा काय होती, सिनेमाने ती पुरी केली, लांबवली का मोडली, आणि त्यातून त्याला काय मिळालं. आणि शेजारच्या जॉनरपासून थ्रिलर वेगळा करून दाखवा. रहस्यकथेत प्रेक्षक मागे असतो, काय झालं ते शोधत असतो, घटना होऊन गेलेली असते. थ्रिलरमध्ये घटना व्हायचीये आणि ती होऊ नये किंवा वेळेत व्हावी म्हणून जीव टांगलेला असतो.

एकाच सिनेमात जॉनर कसा बदलतो ते ‘व्हर्टिगो’त (१९५८) छान दिसतं. नायकाची आवडती बाई मरते, मग तिच्यासारखीच दिसणारी दुसरी त्याला भेटते, आणि ती दुसरी म्हणजे पहिलीच आहे हे मूळ कादंबरीत शेवटी कळतं. हिचकॉकने ते सिनेमा संपायला चांगला वेळ शिल्लक असतानाच सांगून टाकलं, तिच्या एका पत्रातून. रहस्य तिथे संपलं, पण मग पुढचा सगळा वेळ प्रश्न असा की याला कळल्यावर हा काय करेल, आणि ती त्याला सांगत का नाही. उत्तर फोडून त्याने मोठा प्रश्न विकत घेतला.

टिकटिकणारं घड्याळ म्हणजे भिंतीवरचंच घड्याळ लागतं असंही नाही. ‘नोटोरियस’मध्ये (१९४६) पार्टी चाललीये, तळघराची किल्ली हिरोइनने नवऱ्याच्या जुडग्यातून काढलीये, आणि वर बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या कमी कमी होत जातायत, संपल्या की नवरा तळघरात जाणार. बाटल्या मोजायला लावल्या आपल्याला. संकेत ओळखणं सोपं आहे, त्या सिनेमाने तो कुठल्या वस्तूत लपवलाय ते सांगा.

संकेत मोडल्याची उदाहरणं घ्यायची तर फ्लॅशबॅक घ्या. पडद्यावर आठवण दिसली की ती खरी, हा आपला जुना करार. हिचकॉकने १९५० च्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीलाच खोटा फ्लॅशबॅक दाखवला आणि लोक फसवल्यासारखे चिडले. मग सुजॉय घोषच्या ‘कहानी’त (२०१२) हरवलेल्या नवऱ्याला शोधत आलेल्या विद्याच्या त्या नवऱ्याचे जे तुकडे आपल्याला दिसतात तेही खोटे निघतात, तो चेहराच दुसऱ्याचा असतो, तरी तिथे कुणी चिडत नाही. का? माझं मत असं की ‘कहानी’त तो खोटेपणा तिच्या योजनेचाच भाग आहे, पोलिसांनाही तिने तेच दाखवलंय, म्हणजे ती ज्यांना फसवतेय त्या रांगेत आपण उभे होतो आणि फसवणारी आपल्याला आवडत होती. तुम्हाला वेगळं वाटेल, वाटू द्या, पण असा ‘का’ वहीत हवा.

आणि ‘दृश्यम’, मूळ मल्याळम, जीतू जोसेफचा, २०१३ चा. खून कुणाच्या हातून झाला, कसा झाला हे आपल्याला आधीच दाखवलंय, त्यामुळे पोलिसांच्या प्रत्येक प्रश्नाला आपल्याला घाम फुटतो, हा झाला सस्पेन्स. पण प्रेत शेवटी कुठे गेलं ही एकच गोष्ट आपल्यापासूनही दाबून ठेवलीये, आणि आपल्याला सगळं माहितीये या समजुतीत असल्याने ती दाबलेली आहे हे लक्षातच येत नाही, म्हणून शेवटी धक्काही मिळतो. दोन्ही एकाच सिनेमात. आणि एडिटर म्हणून मला त्यात मजा वाटते ती ही की तो नायक करतो काय, तर एडिटिंगच. घरच्यांना घेऊन तो खरंच फिरायला जातो, खऱ्या हॉटेलात राहतो, खऱ्या लोकांना भेटतो, फक्त तारीख सरकवतो. दृश्यं खरी, क्रम खोटा. सिनेमे बघून बघून शिकलेला माणूस आहे तो, बरोबरच आहे.

क्रॉसकटिंगची (दोन ठिकाणचं आलटून पालटून दाखवायचं) पण अशीच फसवणूक ‘लॅम्ब्ज’मध्ये आहे, एका घराला पोलिसांनी वेढा घातलाय, बेल वाजवली, आत खुन्याच्या तळघरात बेल वाजली, त्याने दार उघडलं आणि बाहेर उभी आहे एकटी क्लॅरिस. पोलीस भलत्याच घरापाशी. आलटून पालटून दाखवलेल्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी घडतायत हे सिनेमाने कुठेच म्हटलं नव्हतं, ते आपण सवयीने जोडलं. ज्या सवयीमुळे एरवी सिनेमा कळतो तीच इथे आपल्यावर उलटवली.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं. तुमच्यासारख्या वहीतलं वाक्य साधारण असं असतं: ‘या सीनमध्ये पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट्स वापरले आहेत ज्यामुळे सस्पेन्स निर्माण होतो.’ (म्हणजे पात्राच्या नजरेतून घेतलेले शॉट.) हे कुठल्याही सिनेमाच्या कुठल्याही सीनला चिकटवता येईल, तीच त्याची चूक. त्याऐवजी ‘रिअर विंडो’मधला (१९५४) जेफची मैत्रीण लिसा, बायकोच्या खुनाचा संशय असलेल्या शेजाऱ्याच्या घरात सापडते तो भाग घेऊन मी असं लिहीन: ‘लिसा संकटात असताना कॅमेरा जेफच्या खिडकीतच राहतो. तिच्याजवळ जाऊन चेहरा दाखवता आला असता, पण अंतर ठेवल्यामुळे आपल्याला दिसतं पण बोलणं नीट ऐकू येत नाही आणि मदतीला जाता येत नाही, म्हणजे पाय मोडून खुर्चीत बसलेल्या जेफची जी अवस्था तीच आपली होते. नंतर ती पाठीमागे हात नेऊन बोटातली अंगठी जेफला खुणेने दाखवते, शेजाऱ्याचं तिकडे लक्ष जातं, तो मान वर करून थेट लेन्समध्ये बघतो. इतका वेळ आपल्याला माहीत होतं आणि त्याला नव्हतं, त्या एका नजरेत ते संपतं, आणि लपून बघणाऱ्याची सुरक्षित जागा उघडी पडते. जेफची, आणि आपलीही.’ यात तंत्र आहे, माहितीचा हिशोब आहे, न केलेला पर्याय आहे आणि संकेतही आलाच, लपून बघणारा शेवटी सापडतो हा.

कामाची पद्धत म्हणाल तर सीन तीनचार मिनिटांचाच निवडा, आणि असा निवडा ज्यात कुणाच्या तरी माहितीत बदल होतो. पहिल्यांदा नुसता बघा, पेन खाली ठेवून, आणि कुठे हात घट्ट आवळला गेला ते लक्षात ठेवा, कारण नंतर सगळं ठाऊक झाल्यावर ती जागा परत सापडत नाही. मग आवाज पूर्ण बंद करून बघा. मग स्क्रीनकडे पाठ करून नुसता ऐका, हे कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त माल इथेच मिळतो. त्यानंतर शॉटची यादी, सेकंदांसकट, आणि शेजारी ते तीन रकाने. ज्या शॉटनंतर एखाद्या रकान्यात बदल झाला त्यालाच लाल खूण करा, चाळीस शॉटमधले पाचसहाच निघतील, लिहायचं तेवढ्यांवरच. बाकीच्या पस्तीस शॉटचे अँगल गाळून टाकायला जिवावर येईल, मेहनतीने उतरवलेले असतात ना, पण गाळा. यादी हवं तर शेवटी पुरवणी म्हणून जोडा. आणि एखाद्या लाल खुणेचं कारण नाहीच सापडलं तर तो शॉट मनातल्या मनात काढून टाकून सीन परत चालवून बघा, काय बिघडलं ते दिसलं की कारण तिथेच असतं.